घाटापलीकडचा रुग्ण आणि मूळव्याधीची शस्त्रक्रिया

गुदमार्गाच्या खालच्या टोकाला, आतल्या अस्तराखाली, रक्तवाहिन्या, स्नायूंचे बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ऊती यांच्या तीन गाद्या असतात. रुग्ण पाठीवर, पाय वर बांधलेले आणि गुदद्वार घड्याळ मानले, तर त्या साधारण 3, 7 आणि 11 च्या जागी येतात. या गाद्या प्रत्येक माणसाला असतात. वायू आणि पातळ मळ रोखून धरायला त्यांची मदत होते. मूळव्याध म्हणजे नुसत्या फुगलेल्या शिरा नव्हेत, तर या गाद्यांना जागच्या जागी धरणारे धागे झिजून त्या खाली घसरणे होय, ही मांडणी ब्रिटिश शल्यचिकित्सक थॉमसन यांनी 1975 मध्ये केली. शस्त्रक्रियांमधला सगळा वाद तेव्हापासून एकाच प्रश्नाभोवती फिरतो: घसरलेली गादी कापून काढायची, की वर ओढून पुन्हा जागेवर बसवायची?

टप्पे चार मानतात. पहिल्यात नुसते रक्त पडते. दुसऱ्यात कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो, तिसऱ्यात तो बोटाने ढकलावा लागतो आणि चौथ्यात ढकलूनही आत राहत नाही. पहिले दोन टप्पे आहार, इसबगोल आणि रबर बँड यांवर निभावतात. रबर बँडची पद्धत 1963 मध्ये बॅरन यांनी रूढ केली. बँड आतले अस्तर आणि खालची संवेदनशील त्वचा यांच्या सीमेवरच्या दातेरी रेषेच्या वर बसतो, तिथे वेदना जाणवत नाही, आणि काही दिवसांत कोंब सुकून गळून पडतो. मात्र तिसऱ्या टप्प्याचे मोठे कोंब, चौथा टप्पा आणि आतल्या कोंबाला बाहेरच्या त्वचेचाही कोंब जोडलेला असणे या तीन अवस्थांत शस्त्रक्रियेवाचून फारसा इलाज उरत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात शल्यचिकित्सकासमोर येणारी मूळव्याध बहुधा यांपैकीच एखाद्या अवस्थेतली असते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, हे दोन तालुके सातपुड्याच्या आत पसरलेले आहेत. पाड्यावरून रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ तिथे अजूनही येते. वर्तमानपत्रांनी या झोळीला ‘बांबुलन्स’ असे नाव दिले आहे. मूळव्याधीसाठी मात्र कोणी झोळी बांधत नाही. परसाकडच्या दुखण्याबद्दल बोलायची लाज असतेच, बायकांना तर ती दुप्पट असते. त्यात दिवाळीनंतर बारडोली आणि सुरतेच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतात. कोयत्याची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मध्येच काम सोडून येणे म्हणजे मुकादमाचे कर्ज अंगावर घेणे. पडावावर पाणी कमी, परसाकडे जायचे ते पहाटे अंधारात नाहीतर रात्री, दिवसभर दाबून धरायचे आणि उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहायच्या. कोंब खाली सरकवायला एवढे पुरे होते. म्हणून इथे नियोजित शस्त्रक्रियेचा खरा हंगाम होळी ते मृग असा असतो. माणसे गावी परतलेली असतात, पेरण्या लागलेल्या नसतात आणि तळोद्याहून धडगावकडे चढणारा चांदसैलीचा घाट दरडींनी बंद झालेला नसतो.

शस्त्रक्रिया ठरवण्याआधीच्या तपासणीत घाई केली, तर पुढचे सगळे चुकते. रक्त पडते म्हणजे मूळव्याध, असे रुग्ण स्वतःच ठरवून येतो, आणि पाहणाऱ्यालाही कोंब दिसला की समाधान होते. पण कोंबाच्या वर, बोटाच्या टप्प्यातच, गुदाशयाचा कर्करोग बसलेला असू शकतो. गुदद्वारात बोट घालून तपासणे आणि प्रॉक्टोस्कोपने पाहणे ही दोन मिनिटांची कामे आहेत. वय चाळिशीपुढचे असेल, शौचाची सवय बदललेली असेल किंवा वजन उतरलेले असेल, तर दुर्बिणीने वरचे आतडेही पाहायला हवे. दुसरी फसगत गुदभ्रंशाची. रुग्णाला उकिडवे बसवून कुंथायला लावले आणि बाहेर आलेल्या भागावर गोल वर्तुळाकार घड्या दिसल्या, तर तो गुदाशयच बाहेर आलेला असतो. घड्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषांसारख्या असतील आणि मध्ये खाचा असतील, तर ती मूळव्याध. ही पाहणी खाटेवर झोपवून नीट होत नाही. रुग्णाला शौचालयाकडे न्यावे लागते, आणि ते टाळले की चुकीची शस्त्रक्रिया होते.

मग रक्त. वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्त गेलेले माणसाचे शरीर कमी हिमोग्लोबिनला सरावते. 5 ग्रॅमवर माणूस चालत येतो आणि दम लागतो एवढेच सांगतो. नंदुरबारमध्ये या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यामागे दोन कारणे एकत्र असू शकतात. भिल्ल, पावरा, मावची या समाजांत सिकल सेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे सगळा रक्तक्षय मूळव्याधीच्या खात्यावर टाकून लोहाच्या गोळ्या चालू करणे बरोबर नाही. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, आणि सिकल सेलचा रुग्ण असेल तर लोह खरोखर कमी आहे का, याचीही तपासणी करावी लागते. नुसता वाहक असेल तर शस्त्रक्रियेत सहसा अडचण येत नाही. आजारी असेल तर उपाशी ठेवण्याचा वेळ कमी करणे, सलाइन चालू ठेवणे, थिएटरात अंग गार पडू न देणे, ऑक्सिजन कमी होऊ न देणे या साध्या गोष्टी जीव वाचवतात. रक्त चढवतानाही हात राखून चढवावे लागते. हिमोग्लोबिन 10 च्या फार वर गेले, तर रक्त घट्ट होऊन उलट अपाय होतो. मूळव्याधीची शस्त्रक्रिया लहान समजली जाते, पण अशा रुग्णात ती लहान राहत नाही.

आणखी एका प्रकारचे रुग्ण सगळ्यात जास्त काळजीत टाकतात. बाजाराच्या गावी ‘विना ऑपरेशन’ असा फलक लावून बसलेल्या, पदवी नसलेल्या माणसाकडून कोंबात दाहक इंजेक्शन घेऊन ते येतात. कोंब काळा पडून गळतो, पण सोबत आजूबाजूची निरोगी कातडी आणि अस्तरही जाते. जखम भरताना आकसते आणि गुदद्वार करंगळीही जाणार नाही इतके अरुंद होते. अशा रुग्णाला मूळव्याधीची नव्हे, तर अरुंद झालेला मार्ग रुंद करण्याची, शेजारची त्वचा सरकवून आत बसवण्याची शस्त्रक्रिया लागते. ती मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते आणि तिचा खर्च आधी दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट होतो. गरीब माणसाच्या लाजेवर चालणारा हा धंदा थांबायलाच हवा.

आता शस्त्रक्रियांकडे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातून मिलिगन, मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केलेली उघड्या जखमेची पद्धत आजही तुलनेचा मापदंड मानली जाते. कण्यातली भूल देऊन रुग्णाला पाय वर बांधून ठेवतात. प्रत्येक कोंबाचा बाहेरचा, कातडीचा भाग एका आर्टरी फोर्सेपमध्ये आणि आतला, अस्तराचा भाग दुसऱ्या फोर्सेपमध्ये धरून तिन्ही कोंब बाहेर ओढले, की मधोमध गुलाबी अस्तराचा त्रिकोण दिसतो. मग एक कोंब डाव्या हाताच्या तळव्यावर ओढून धरायचा आणि त्याच्या मुळाशी कातडीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा छेद घ्यायचा. कात्री थोडी आत गेली की आडवे, फिकट पांढरे धागे दिसतात. तो आतला स्नायू. संपूर्ण शस्त्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. हे धागे कोंबापासून हलक्या हाताने मागे सारायचे, एकही कापायचा नाही, कारण मळ रोखण्याची बरीचशी ताकद या स्नायूत असते. कोंब देठापर्यंत सुटला, की देठातून सुई पार करून टाका बांधायचा आणि त्याच्या पुढचा भाग कापायचा. तिन्ही जागी हेच. दोन जखमांच्या मध्ये कातडी आणि अस्तराची निदान एक सेंटिमीटर रुंद पट्टी राखायची. जखमा उघड्याच राहतात आणि चार ते सहा आठवड्यांत तळापासून भरून येतात.

मधली पट्टी राखणे ही शिस्त शिकायला वेळ लागतो. चौथ्या टप्प्याची मूळव्याध थिएटरच्या दिव्याखाली पाहिली, की सगळीकडेच कोंब दिसतात आणि सगळेच काढून टाकावे असे वाटते. मँचेस्टरचे व्हाइटहेड यांनी 1882 मध्ये मांडलेल्या पद्धतीत असेच करत. गोलाकार सगळे अस्तर काढून वरचे अस्तर कातडीला शिवत. पुढे मार्ग अरुंद होणे, आतले अस्तर बाहेर येऊन सतत ओल राहणे अशा तक्रारी येऊ लागल्या आणि ती पद्धत मागे पडली. तीन मुख्य कोंब नीट काढले, की मधली सूज आपोआप ओसरते. उरलेली थोडी लोंबती कातडी रुग्णाला खुपली, तर नंतर तेवढ्या जागेपुरती भूल देऊन काढता येते. जास्त काढलेली कातडी परत लावता येत नाही.

फर्ग्युसन आणि हीटन यांनी 1959 मध्ये अमेरिकेत वर्णन केलेली बंद पद्धतही हीच, फक्त शेवटी जखम विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. टाके टिकले तर जखम लवकर भरते आणि वेदनाही काहीशी कमी राहते. ते टिकण्यासाठी मात्र स्वच्छ पाणी, शौचालय आणि थोडी विश्रांती लागते. ज्या रुग्णाला चौथ्या दिवशी नाल्याकाठी उकिडवे बसायचे आहे, त्याच्यात टाके उसवून खाली पू धरण्याची शक्यता राहते. अशा रुग्णाला उघडी जखमच बरी, तिच्यातला स्राव वाहून जातो. रक्तवाहिन्या उष्णतेने बंद करणारी उपकरणे, उदाहरणार्थ लायगाशुअर, वापरून तोच कोंब टाक्याशिवाय काढता येतो. शस्त्रक्रिया लवकर आटोपते, रक्त कमी जाते आणि पहिल्या काही दिवसांची वेदना कमी असते, हे चाचण्यांत वारंवार दिसले आहे. रक्त आधीच कमी असलेल्या रुग्णासाठी हा फायदा मोलाचा आहे. एकदाच वापरायच्या हँडपीसची किंमत हीच अडचण, आणि सरकारी साठ्यात ते नेहमी असेलच असे नाही.

स्टेपलरची पद्धत इटलीच्या अँतोनिओ लाँगो यांनी 1998 मध्ये पुढे आणली. यात कोंब कापत नाहीत. दातेरी रेषेच्या सुमारे चार सेंटिमीटर वर अस्तरात गोल टाका घेतात, तो 33 मिलिमीटरच्या गोलाकार स्टेपलरच्या दांड्यावर आवळतात आणि यंत्र दाबले की अस्तराची एक कडी कापली जाऊन वरची-खालची टोके पिनांनी जोडली जातात. घसरलेली गादी वर ओढली जाते. जखम वेदना न जाणवणाऱ्या भागात असल्याने रुग्ण दुसऱ्याच दिवशी उठून चालू लागतो, हे पाहून कोणाचेही मन वळेल. स्त्री रुग्णात यंत्र दाबण्याआधी योनीत बोट घालून मागची भिंत यंत्रात अडकलेली नाही, हे प्रत्येक वेळी तपासायचे. ती अडकली तर दोन्ही मार्गांमध्ये छिद्र पडते आणि त्या बाईचे पुढचे आयुष्य उद्ध्वस्त होते. गोल टाका खोल गेला तर आतड्याची पूर्ण भिंत कापली जाऊ शकते. त्यातून ओटीपोटात जंतुसंसर्ग झाल्याच्या घटना दुर्मीळ असल्या तरी जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

सुरुवातीचे हे सुख पुढे टिकते का? ब्रिटनमधल्या 32 रुग्णालयांत 777 रुग्णांवर झालेल्या, 2016 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या इथॉस चाचणीत स्टेपलरच्या रुग्णांना पहिल्या आठवड्यांत वेदना कमी होती. दोन वर्षांनंतर मात्र जुन्या पद्धतीने कोंब काढलेल्यांचे जीवन अधिक सुकर होते, मूळव्याध पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते आणि खर्चही कमी होता. नंदुरबारच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. स्टेपलर गोलाकार तिसऱ्या टप्प्यासाठी, बाहेरचा कोंब नसलेल्या आणि पुन्हा त्रास झाल्यास परत येऊ शकणाऱ्या रुग्णासाठी ठेवावा. सुरतेला जाऊन खासगी दवाखान्यात कर्ज काढून केलेली शस्त्रक्रिया दोन वर्षांत फसली, तर तो माणूस पुन्हा डॉक्टरकडे फिरकतच नाही.

डॉप्लरने धमन्या शोधून त्यांना टाके घालण्याची पद्धत जपानच्या मोरिनागा यांनी 1995 मध्ये मांडली. पुढे तिच्यात सैल अस्तर शिवून वर उचलण्याची जोड आली. कापाकापी नसल्याने वेदना कमी. पण तिच्यावरची ब्रिटनची मोठी हबल चाचणी, तीही 2016 चीच, दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांवर झाली होती आणि तुलना रबर बँडशी होती. तिचा दाखला देऊन चौथ्या टप्प्याच्या रुग्णाला ही पद्धत सुचवणे योग्य नाही. लेझरचेही तेच. कोंबाच्या आत तंतू घालून तो आतून भाजायचा आणि आकसू द्यायचा, ही कल्पना मध्यम कोंबासाठी ठीक आहे. बाहेर लोंबणारी जाड कातडी त्याने जात नाही. शहरांच्या फलकांवर लेझर हा शब्द इतका चमकतो, की नंदुरबार, शहादा, नवापूरकडचे रुग्णही ‘लेझरवालं ऑपरेशन’ मागतात. त्यांना नाही म्हणताना कारण समजावून सांगायला वेळ काढलाच पाहिजे.

आयुर्वेदातल्या क्षारकर्माचा विचार इथे टाळता येत नाही, कारण बरेच रुग्ण आधी तिकडे गेलेले असतात. सुश्रुतसंहितेत अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत, आणि कोणता उपाय कोणत्या कोंबाला, याचा विवेकही आहे. क्षारसूत्राला, म्हणजे क्षाराचा लेप दिलेल्या धाग्याच्या उपचाराला, आधुनिक काळात बनारस हिंदू विद्यापीठाने नवी उभारी दिली. त्याचा भक्कम पुरावा आहे तो भगंदरासाठी. प्रशिक्षित वैद्याने केलेले क्षारकर्म आणि बाजारातले दाहक इंजेक्शन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, तरी चौथ्या टप्प्याच्या, रक्त कमी झालेल्या रुग्णाला शेवटी शस्त्राचाच उपाय लागतो.

जुन्या पद्धतीची बदनामी वेदनेमुळे झाली आहे, आणि ती वेदना खरी आहे. तिच्यावर उपाय मात्र साधे आणि स्वस्त आहेत. शस्त्रक्रियेच्या शेवटी जखमेभोवती लांब टिकणारी भूल टोचणे, वेदनाशामके मागितल्यावर नव्हे तर वेळेवर देणे, आठवडाभर मेट्रोनिडॅझोल, आणि पहिल्या रात्रीपासून मळ मऊ करणारे औषध. सलाइन बेताने दिली तर लघवी अडण्याचा त्रास कमी होतो. भुलीनंतर फुगलेले मूत्राशय जखमेपेक्षा जास्त दुखते, हे पहिल्या रात्री वॉर्डात फिरणाऱ्या परिचारिकेला ठाऊक असते. सर्वांत अवघड क्षण पहिल्या शौचाचा. भीतीने रुग्ण खाणेच सोडतो, तिसऱ्या दिवसापर्यंत मळ घट्ट होतो आणि मग ती भीती खरी ठरते. म्हणून पहिल्या दिवशीच भाकरी, वरण, भाजी आणि भरपूर पाणी द्यायचे. मिरचीचा ठेचा तेवढे आठवडे बंद, जरी मिरचीच्या या जिल्ह्यात ते सांगणे जिवावर येते. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसायचे. घरी टब नसेल तर रुंद घमेले चालते. वॉर्डातच घमेल्यात एकदा बसवून दाखवले, की घरी ते केले जाते. नुसते कागदावर लिहून दिले तर नाही.

त्यानंतरचा धोका घाटापलीकडच्या रुग्णाचा. सातव्या ते चौदाव्या दिवसात देठावरची खपली सुटताना किंवा तिथे संसर्ग झाल्यास पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. प्रमाण कमी आहे, पण रक्त वर आतड्यात साठत राहते आणि एकदम गोळे होऊन पडते. शहरात असा रुग्ण अर्ध्या तासात परत येतो. मोलगीच्या पुढच्या पाड्यावरून तो अर्ध्या दिवसातही येईलच असे नाही, आणि हिमोग्लोबिन मुळातच 8 असेल तर त्याला तेवढा वेळ नसतो. म्हणून दूरच्या रुग्णाला तिसऱ्या दिवशी घरी सोडण्याचा शहरी हिशेब इथे लावू नये. पहिले दोन आठवडे त्याला तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे राहू द्यावे, किंवा खाट असेल तर वॉर्डात ठेवावे. रक्त पडू लागले तर 108 ला कधी फोन करायचा, हे सोबतच्या माणसाला त्याच्या बोलीत, पावरी असो वा मावची, सांगणारा कर्मचारी वॉर्डात हवा. नंदुरबारला 2020 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने रात्री थिएटर उघडून देठाला पुन्हा टाका घालण्याची सोय जिल्ह्यातच होण्याची आशा वाढली आहे.

अडकून सुजलेली, काळी पडत चाललेली मूळव्याध तातडीने कापायची की बर्फ, साखर आणि विश्रांतीने सूज उतरवून नंतर, याबद्दल मतभेद आहेत. अनुभवी हातात तातडीची शस्त्रक्रिया सुरक्षित असते. पण सुजेत मधल्या पट्ट्या ओळखू येत नाहीत, त्यामुळे नवख्याने थांबलेले बरे. गर्भवतीत बहुतेक वेळा थांबायचेच, प्रसूतीनंतर बराच भाग आपोआप ओसरतो.

सहाव्या आठवड्यात बोटाने एकदा तपासणी व्हायला हवी. मार्ग अरुंद होऊ लागला असेल तर त्या वेळी नुसत्या बोटाने किंवा डायलेटरने तो सैल करता येतो, सहा महिन्यांनी नाही. मोळी उचलायची परवानगीही या तपासणीनंतरच द्यायची, त्यामुळे होळीनंतरची शस्त्रक्रिया दिवाळीच्या उचलीला आड येत नाही. काढलेला प्रत्येक कोंब पॅथॉलॉजीकडे पाठवावा. क्वचित त्यात न दिसलेला कर्करोग सापडतो, आणि तो अहवाल येतो तेव्हा रुग्ण गावी किंवा गुजरातेत असतो. रुग्णाचा मोबाइल हंगामात लागेलच असे नसल्याने, त्याच्या पाड्याच्या आशाताईंचा नंबर डिस्चार्ज कार्डावर आणि दवाखान्याच्या वहीत, दोन्हीकडे लिहून ठेवावा लागतो.